जीआरई आधी की यादी आधी?

सांगलीहून एका मुलीने विचारलं आहे. ती कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आतापर्यंतचा सीजीपीए ७.८, शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. अमेरिकेत किंवा जर्मनीत एमएस करायचं मनात आहे. एका क्लासने तिला जीआरई (परदेशातल्या मास्टर्सच्या प्रवेशासाठीची परीक्षा: क्वांट म्हणजे गणित, व्हर्बल म्हणजे इंग्रजी, आणि एक निबंध) आणि आयेल्ट्स, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षा, अशा तिन्हींचं एकत्र पॅकेज सांगितलं आहे आणि या महिन्यातच फी भरायला लावतायत. तिचे प्रश्न तीन आहेत: तिन्ही परीक्षा खरंच द्याव्या लागतात का, मराठी माध्यमातल्या मुलीला व्हर्बल जमतं का, आणि सुरुवात कुठून करायची.

मी कोल्हापुरात वीस वर्षं या परीक्षांची तयारी करून घेते. तू वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढीच आहेस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणूनच लिहिते.

आधी पैशाचं बोलू. ती फी आत्ता भरू नकोस. आयेल्ट्स आणि टोफेल या दोन्ही परीक्षा एकच गोष्ट दाखवतात: तुला इंग्रजीतून शिकता येईल की नाही. जवळजवळ सगळी विद्यापीठं दोन्हींपैकी कुठलीही एक घेतात. दोन्ही देणं म्हणजे एकाच प्रवासाची दोन तिकिटं काढणं. जीआरईचा प्रश्न वेगळा आहे. ती तुला लागेल किंवा अजिबात लागणार नाही, आणि हे मला सांगता येणार नाही, क्लासलाही सांगता येणार नाही. ते सांगेल तुझी यादी. तू कुठल्या आठ-दहा कोर्सना अर्ज करणार आहेस ती यादी.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी यादी न करता जीआरईची तारीख घेतलेली असते. मग परीक्षा झाल्यावर कळतं की निवडलेल्या कोर्सपैकी निम्मे जीआरई बघतच नाहीत. २०२० साली कोविडमध्ये परीक्षा केंद्रं बंद पडली तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ विभागांनी जीआरईची अट काढली, आणि त्यातल्या अनेकांनी ती पुन्हा आणलीच नाही. काहींनी आणली. एकाच विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला नको आणि शेजारच्या इलेक्ट्रिकलला हवी, असंही असतं. म्हणून विद्यापीठाच्या नावावरून अंदाज बांधायचा नाही. त्या कोर्सचं, त्या वर्षाचं प्रवेशाचं पान उघडायचं.

त्या पानावर जीआरईबद्दल तीनपैकी एक वाक्य असतं. एक, स्कोअर पाठवणं बंधनकारक आहे. दोन, पाठवला तरी विचारात घेणार नाही. या दोन्हींत डोकं चालवायला जागाच नाही. तिसरं वाक्य मात्र मुलांना महिनाभर झोपू देत नाही: ऐच्छिक आहे.

ऐच्छिकचा अर्थ मी असा लावते. स्कोअर नसला तर तुझी फाईल बाजूला टाकणार नाहीत. पण पाठवलास तर वाचणार. मग तो स्कोअर तुझ्या फाईलमधली कुठली तरी शंका मिटवणारा असला पाहिजे. तुझा सीजीपीए ७.८ आहे. वाईट नाही, पण तुझं विद्यापीठ ज्याने कधी ऐकलेलं नाही त्या प्राध्यापकाला ७.८ म्हणजे नेमकं काय हे कळत नाही. तिथे क्वांटमध्ये १६६ किंवा १६७ आणि व्हर्बलमध्ये १५५ असेल तर पाठव, तो आकडा तुझ्या बाजूने बोलेल. क्वांटमध्ये १५८ आले तर ऐच्छिक ठिकाणी पाठवू नकोस. कॉम्प्युटरच्या अर्जांत भारतातून आणि चीनमधून क्वांटचे आकडे फार वरचे येतात. हा माझा स्वतःचा हिशेब आहे, कुठल्या विद्यापीठाचा नियम नाही. पण आजवर मुलांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा ठरला आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेव. दोन्ही विभागांना गुण १३० ते १७० असेच असतात, पण १६५ चा भाव दोन्हीकडे सारखा नाही. व्हर्बलमध्ये १६५ म्हणजे नव्वदच्या वरचं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले नव्वदहून जास्त जण तुझ्या मागे. क्वांटमध्ये तेच १६५ नव्वदच्या बऱ्याच खाली येतं. निकाल हातात आला की नुसता आकडा बघून पेढे वाटायचे नाहीत आणि रडायचंही नाही, शेजारचं पर्सेंटाइल वाचायचं.

जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. तिथे परीक्षेपेक्षा तुझ्या पदवीचे गुण आणि तू कुठले विषय किती शिकलीस याला जास्त वजन आहे. आपले गुण ते जर्मन पट्टीत बदलतात. तिथे १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे काठावर पास. जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासापुरते गुण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. तुझ्या विद्यापीठात दहापैकी ४ ला पास धरत असतील तर १० वजा ७.८ म्हणजे २.२, भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.१. पुष्कळ कोर्स २.५ च्या आतले अर्ज बघतात, म्हणजे तू आत आहेस. पास ५ ला असेल तर तेच गुण २.३ च्या थोडे वर जातात, तरीही आत. हा हिशेब आजच कागदावर कर, त्यातून तुझी अर्धी यादी ठरेल.

जर्मनीतले सगळे कोर्स जीआरई मागत नाहीत, पण काही नावाजलेले मागतात, आणि तेही भारतातल्या पदवीधरांकडून. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत इन्फर्मेटिक्सच्या मास्टर्सला भारतीय पदवीधरांकडून जीआरई किंवा गेट, म्हणजे आपल्याकडची एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, मागत आले आहेत. ‘किंवा गेट’ हे दोन शब्द नीट वाच. सिंगापूरच्या एनयूएस आणि एनटीयू या विद्यापीठांमध्येही इंजिनीअरिंगच्या काही कोर्सना भारतीयांचा गेट चालतो. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, फेब्रुवारीत होते, स्कोअर तीन वर्षं चालतो आणि फी जीआरईच्या तुलनेत किरकोळ आहे. शिवाय तिचा अभ्यास म्हणजे तुझ्या कॉलेजच्याच विषयांचा अभ्यास, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क्स. परदेशी जाणं काही कारणाने राहिलं तरी आयआयटीतल्या एमटेकचं दार उघडं राहतं. आपल्याकडच्या मुलांना गेट म्हणजे इथेच राहणाऱ्यांची परीक्षा वाटते. मला हे मनापासून खटकतं, कारण घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांना तर हा रस्ता आधी सांगायला हवा.

आणखी एक. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतीयांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. ही परीक्षा नाही, तुझ्या गुणपत्रिका आणि पदवी खऱ्या आहेत का याची तपासणी आहे. फी १८,००० रुपये. अर्ज वेळेत टाक, कारण अनेक विद्यापीठं अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात. जीआरईत दोन्ही विभाग मिळून ३२५ मिळवलेला माझा एक विद्यार्थी एपीएससाठी थांबला आणि त्याची एक मुदत हातची गेली. परीक्षेच्या नादात कागदपत्रं मागे पडतात ती अशी.

आता जीआरई तुझ्या यादीत आली आहे असं धरून चालू.

२२ सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा छोटी झाली. पूर्वी पावणेचार तास बसावं लागायचं, आता १ तास ५८ मिनिटं. एक निबंध ३० मिनिटांचा. व्हर्बलचे दोन भाग: १२ प्रश्नांना १८ मिनिटं, १५ प्रश्नांना २३ मिनिटं. क्वांटचे दोन भाग: १२ प्रश्नांना २१ मिनिटं, १५ प्रश्नांना २६ मिनिटं. मधली सुट्टी नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. त्या तारखेच्या आधीची पुस्तकं सीनियरकडून मिळाली तर सरावाला वापर, पण त्यातल्या वेळापत्रकावर आणि निबंधांच्या प्रकारांवर जाऊ नकोस. पूर्वी दोन निबंध असायचे, आता एकच आहे.

पहिला भाग कसा जातो त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड हे संगणक ठरवतो. म्हणून पहिल्या बारा प्रश्नांत घाई महागात पडते. एका भागाच्या आत मात्र मागे-पुढे जाता येतं. अडलेल्या प्रश्नावर खूण करायची, पुढे जायचं, शेवटी परत यायचं. इंजिनीअरिंगच्या मुलांना हेच जमत नाही. गणित सुटत नाही म्हणजे अपमान झाल्यासारखं वाटतं, आणि एकाच प्रश्नात पाच मिनिटं जातात.

क्वांटचं गणित दहावीपर्यंतचं आहे. तुला त्याची भीती नसेल, आणि तिथेच घसरायला होतं. एक प्रश्न दाखवते. माहिती अशी: क्ष चा वर्ग ९ आहे. डावीकडे क्ष, उजवीकडे ३. डावी बाजू मोठी, उजवी मोठी, दोन्ही समान, की दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही? वर्गात वीस जण असतील तर बारा जण ‘समान’ म्हणतात. मी फळ्यावर नुसतं ‘उणे ३’ लिहिते, आणि वर्ग गप्प होतो. उत्तर आहे, ठरवता येत नाही. अशा प्रश्नांत जो आकडा आधी सुचतो तो सोडून चार आकडे मुद्दाम घालून बघायचे: शून्य, एक, एखादा ऋण आकडा, एखादा अपूर्णांक. ‘ही संख्या पूर्णांक आहे’ असं प्रश्नाने सांगितलेलं नसेल तर ती पूर्णांक धरायची नाही. माझ्या वर्गातल्या क्वांटच्या निम्म्याहून जास्त चुका या एकाच जातीच्या असतात.

मराठी माध्यमाच्या मुलींसाठी मी एक वही करायला लावते. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला परीक्षेतला. मूळ संख्या, लसावि, मसावि, मध्यक, बहुलक, कर्ण, परिमिती, जीवा, समलंब चौकोन. साधारण साठ-सत्तर शब्दांत काम होतं, आठवड्याभरात वही पूर्ण होते. हे गणित तुला येत नाही असं नाही. १ ही मूळ संख्या नाही, हे तू शाळेतच शिकलीस. फक्त परीक्षेत ‘प्राइम’ वाचल्यावर डोक्यात ‘मूळ’ उजळायला दोन सेकंद जास्त लागतात, आणि २७ प्रश्नांत ती दोन-दोन सेकंदं साचत जातात. ‘ॲट लीस्ट’, ‘डिस्टिंक्ट’, ‘नॉन-निगेटिव्ह’ असे छोटे शब्दही त्याच वहीत घाल. ‘नॉन-निगेटिव्ह’मध्ये शून्य येतं, ‘पॉझिटिव्ह’मध्ये येत नाही. एवढ्याशा फरकावर पूर्ण प्रश्न उभा असतो.

स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ एवढाच. पाढे पाठ असतील तर तो फार उघडावा लागत नाही.

आता व्हर्बल. तुझा खरा प्रश्न हाच आहे, हे मला कळतंय.

क्लास तुला हजारो शब्दांची यादी देईल. मी देत नाही. शब्द लागतातच, सात-आठशे चांगले यावेत. पण नुसते शब्द पाठ केलेली मुलं १४८ वर अडकलेली मी बघितली आहेत, कारण प्रश्न शब्दाचा नसतो, वाक्य कुठे वळतं त्याचा असतो. मराठीतच करून बघ: ‘सभेत त्यांचं बोलणं कितीही मवाळ असलं, तरी कारखान्यातले त्यांचे निर्णय मात्र _____ असत.’ रिकाम्या जागी काय येईल? तू ‘कठोर’ म्हणालीस, ‘कडक’ म्हणालीस, ‘करडे’ म्हणालीस. कुठलाही पर्याय समोर नसताना म्हणालीस. कशामुळे? ‘असलं तरी’ आणि ‘मात्र’ यांच्यामुळे. वाक्याने तुला सांगितलं की आता उलटी बाजू येणार.

जीआरईचं वाक्य इंग्रजीत असतं, पण वळतं असंच. ‘ऑलदो’, ‘डिस्पाइट’, ‘फार फ्रॉम’, ‘हार्डली’ हे वळणाचे दगड आहेत. आधी ते शोधायचे. मग पर्याय हाताने झाकायचे आणि रिकाम्या जागी काय यायला हवं ते स्वतःच्या शब्दात ठरवायचं. मराठीत ठरवलंस तरी चालेल. क्लासवाले म्हणतील इंग्रजीतच विचार कर. माझा अनुभव उलटा आहे. ज्या भाषेत तू घरी भांडतेस, त्या भाषेत तुझा तर्क सगळ्यांत धारदार चालतो. आधी अर्थ मराठीत पक्का कर, मग त्या अर्थाचा शब्द पर्यायांत शोध. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. तिथे तर ही पद्धत फारच कामाला येते, कारण तुझा मराठी शब्द दोन्ही उत्तरांना जोडून ठेवतो.

इचलकरंजीची एक मुलगी माझ्याकडे होती, वडील यंत्रमागावर. पहिल्या सरावात व्हर्बल १४३. तिला रोज मराठी दैनिकाचा अग्रलेख वाचायची सवय होती, आजोबांनी लावलेली. मी तिला सांगितलं, अग्रलेख जसा वाचतेस तसाच इंग्रजी उतारा वाच. लेखक कुणाचं म्हणणं मांडतोय, कुठे ‘परंतु’ म्हणतोय, आणि शेवटी स्वतः कुठल्या बाजूला उभा आहे, तेवढं बाजूला मराठीत लिही. रोज एक उतारा, समासात तीन ओळी मराठी. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. एका उताऱ्यात समुद्री शैवालाबद्दल काहीतरी अवघड होतं. तिने समासात लिहिलं होतं: ‘आधीचे लोक म्हणत थंडीमुळे. हा म्हणतो थंडी नाही, मीठ. पण याचीही खात्री नाही.’ चारही प्रश्नांची उत्तरं त्या तीन वाक्यांत होती. साडेचार महिन्यांनी तिला १५६ मिळाले. तर मराठी माध्यम आडवं येत नाही. वाचनाची सवय नसणं आडवं येतं, आणि ते इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही तितकंच येतं.

निबंधाचे सगळे विषय परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर केलेले आहेत, परीक्षेत त्यांतलाच एक येतो. तरी मुलं ते वाचून जात नाहीत. यादी उघड, वीस विषय निवड, प्रत्येकावर दहा मिनिटं नुसता आराखडा कर. आपल्याला शाळेत सुविचाराने सुरुवात आणि आवाहनाने शेवट अशी सवय लागलेली असते, ती इथे उपयोगी पडत नाही. तुझं मत काय, कारण काय, नेमकं उदाहरण काय, आणि तुझं मत कुठल्या परिस्थितीत लागू पडणार नाही, हे चार मुद्दे साध्या वाक्यांत आले की सहापैकी ४ मिळायला हरकत नाही. उदाहरणाला नेपोलियन कशाला हवा? महापुराच्या वेळी तुझ्या गल्लीत मदत कशी वाटली गेली ते लिही, त्यात तपशील तुझे स्वतःचे असतील.

सरावासाठी ईटीएसच्याच पॉवरप्रेपच्या दोन पूर्ण परीक्षा फुकट आहेत. एक अगदी सुरुवातीला दे, अभ्यास न करता. दुसरी परीक्षेच्या दहा दिवस आधीसाठी राखून ठेव. तयारीला रोज दोन तास धरले तर तीन-साडेतीन महिने लागतात. क्लास लावायचा की नाही, ते पहिली परीक्षा देऊन ठरव. क्वांट १६० च्या वर आणि व्हर्बल १५० च्या आसपास असेल तर घरी बसून होईल. व्हर्बल १४५ च्या खाली असेल तर कुणाचं तरी मार्गदर्शन घे, पण वर्गात तीस मुलं असतील तिथे नको.

इंग्रजीच्या परीक्षेकडे वळू. तुला मी आयेल्ट्स सुचवेन, जर्मनी आणि अमेरिका दोन्हीकडे चालते म्हणून. टोफेलही चालेल, पण २१ जानेवारी २०२६ पासून तिचं स्वरूप आणि गुणांची पट्टी दोन्ही बदललं आहे. आता १ ते ६ अशी पट्टी आहे, दोन वर्षं जुन्या १२० च्या पट्टीवरचे गुणही सोबत देणार आहेत. टोफेल निवडलीस तर जुनं पुस्तक हातात घेऊ नकोस.

आयेल्ट्समध्ये मुलं एकूण बँड, म्हणजे एकूण गुण, बघतात आणि फसतात. विद्यापीठ पुष्कळदा म्हणतं, एकूण ७ आणि कुठलाही विभाग ६.५ च्या खाली नको. ऐकण्यात ८, वाचनात ७.५, बोलण्यात ७ आणि लेखनात ६, सरासरी ७.१२५ म्हणजे एकूण ७, तरी अर्ज अडतो. आपल्याकडे जवळपास नेहमी लेखनच खाली येतं. दोन लेखनं असतात, पहिलं किमान १५० शब्दांचं आणि दुसरं किमान २५० शब्दांचं. दुसऱ्याचं वजन दुप्पट. म्हणून तासातली चाळीस मिनिटं दुसऱ्याला. एकाच विभागाची परीक्षा पुन्हा देण्याची सोय आता आहे, पण तसा निकाल प्रत्येक विद्यापीठ घेतंच असं नाही. त्यावर विसंबण्याआधी विचारून घे.

वाचनात ‘खरं’, ‘खोटं’ आणि ‘दिलेलं नाही’ असा प्रकार असतो. तुला माहीत असलेलं ज्ञान त्यात घालायचं नाही. उताऱ्यात म्हटलंय की गावात १९५२ मध्ये धरण झालं. प्रश्नातलं विधान आहे की धरणामुळे शेती वाढली. तुला वाटतं, वाढणारच ना. पण उतारा शेतीबद्दल बोललाच नसेल तर उत्तर ‘दिलेलं नाही’.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, समोर परीक्षक. एका भागात कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. आवडत्या सहलीवरचं पाठ भाषण घेऊन गेलेला माझा एक विद्यार्थी मध्येच अडला, कारण परीक्षकाने विचारलं की त्या गावात आता काय बदल झालाय. मराठी वळणाच्या उच्चारांची लाज धरू नकोस. गुण कापतात ते कळत नसेल तर. ‘व्ह’ आणि ‘व’ एकसारखे आले म्हणून कुणी नापास करत नाही.

घरून देता येणाऱ्या स्वस्त परीक्षाही आहेत. ड्युओलिंगोची साधारण तासाभरात होते आणि अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं ती घेतात. जर्मनीत मात्र ती धरून चालू नकोस, पान बघ. आणि घरातून परीक्षा द्यायची तर खोली खरोखर बंद हवी. एका मुलीची आजी चहाचा कप घेऊन आत आली, ‘अगं, थंड होतोय’ म्हणाली, आणि ती परीक्षा बाद धरली गेली. आजीचा काय दोष? दाराला आतून कडी हवी होती आणि घरातल्या सगळ्यांना आदल्या दिवशी नीट समजावून सांगायला हवं होतं. ज्या घरात दोन खोल्या आणि सहा माणसं आहेत, तिथे मी केंद्रावर जाऊनच परीक्षा द्यायला सांगते, प्रवासखर्च झाला तरी.

इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल दोन वर्षं चालतो, जीआरईचा पाच वर्षं. यावरून क्रम ठरव. तिसरं वर्ष संपलं की सुट्टीत जीआरईचा अभ्यास, जुलै-ऑगस्टमध्ये परीक्षा. गेट देणार असशील तर तिचा फॉर्म त्याच सुमारास निघतो, तो चुकवू नकोस. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आयेल्ट्स. अमेरिकेच्या मुदती बहुतेक डिसेंबर-जानेवारीत येतात. जर्मनीच्या हिवाळी सत्राच्या मुदती मार्चपासून १५ जुलैपर्यंत पसरलेल्या असतात, पण चांगले कोर्स आधीच बंद होतात. पदवीनंतर दोन वर्षं नोकरी करायचा विचार असेल, तर आयेल्ट्स आत्ता देऊ नकोस, ती वाया जाईल.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तुला ती लागू असेल तर लक्षात ठेव की तिथे विनाअट प्रवेशपत्र लागतं. इंग्रजीचा निकाल द्यायचा राहिला असेल तर विद्यापीठ सशर्त पत्र देतं, आणि त्यावर शिष्यवृत्तीचं काम अडतं. तुझ्यासाठी मग आयेल्ट्स आधी.

खर्च मोजून ठेव. जीआरई वीस हजारांच्या वर जाते, आयेल्ट्स पंधरा हजारांच्या वर, एपीएस १८,०००, शिवाय प्रत्येक अर्जाची फी वेगळी. यादी आधी करायची ती याचसाठीही.

आणि या सगळ्याच्या आधी पासपोर्ट. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा राहिलेला असतो आणि तिन्ही नावं एका ओळीत येतात. परीक्षेचा अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवून, त्यातला शब्द त्याच रकान्यात, अक्षर न् अक्षर तसंच लिहायचं. ‘पाटील’चं स्पेलिंग गुणपत्रिकेवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे, या कामाला वेळ लागतो. केंद्रावर नाव जुळलं नाही म्हणून परत पाठवलेला मुलगा मी बघितला आहे. पुण्याहून रात्रीच्या एसटीने परत आला, फी गेली ती गेलीच.

परीक्षेच्या दिवसाचं एक सांगते, कारण तिथे विचारायला कुणी नसतं. शेवटचा भाग संपला की स्क्रीन विचारते: स्कोअर नोंदवायचा की रद्द करायचा? तेव्हा तुला गुण दिसलेले नसतात. माझ्या मुली घामेजून रद्द करायला निघतात. करू नकोस. नोंदव. लगेच क्वांट आणि व्हर्बलचे कच्चे गुण दिसतात, निबंधाचे आणि पक्का निकाल आठ-दहा दिवसांत येतो. कमी आले तर कुणाला पाठवायचे ते तुझ्या हातात आहे आणि २१ दिवसांनी पुन्हा बसता येतं. त्याच दिवशी चार विद्यापीठांना स्कोअर फुकट पाठवता येतो, त्यासाठी चार नावं पक्की करून जा. जीआरई बंधनकारक असलेली चार, ऐच्छिकवाली नकोत. घरच्या यादीत त्यांच्यासमोर आदल्या रात्री पेनाने खूण करून ठेव.